नव्वद दिवसांची काच

मिरजेच्या एसटी स्टँडमागे एक पत्र्याची शेड होती. आत चार खोकी, प्रत्येकासमोर पाच-सहा पोरं आणि कोपऱ्यात गल्ल्यावर बसलेले मालक. एका खोक्यावर 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असं चमकत्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, पण ते नाव कुणी उच्चारलं असेल तर शपथ. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या त्या गेमला आम्ही सगळे 'मुस्तफा' म्हणायचो. त्यातल्या टोपीवाल्या भिडूचं नाव तेच होतं.

एके दुपारी माझा मुस्तफा ऐन रंगात आला असताना पडदा मिटला. काळा झाला नाही, मिटला. वरचं आकाश आणि खालची जमीन एकमेकांकडे धावली आणि मधोमध एक आडवी, लखलखीत पांढरी रेघ उरली. आवाज चालूच. त्या रेघेच्या आत कुठेतरी मुस्तफा मार खात होता, ते स्वच्छ ऐकू येत होतं. मालक उठले, खोक्याच्या डाव्या अंगाला नेमक्या एका जागी तळहाताचा दणका दिला आणि रेघ उघडली, छत्री उघडावी तशी. "खेळ," म्हणाले आणि परत जाऊन बसले.

त्या दणक्यामागचं शास्त्र मला दोन वर्षांनी कळलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली होतो. तिथले काका सर्किटची पट्टी उलटी धरायचे आणि भिंगातून दाखवायचे: पिनेभोवती सोल्डरच्या टेकाडात एक बारीक, गोल, केसाएवढी चीर. "ड्राय सोल्डर," म्हणायचे. रोज तापतं, फुगतं, रात्री गार होतं, आकसतं. हजार वेळा असं झालं की टाका पिनेपासून सुटतो. सुटतो म्हणजे किती, तर कागदाच्या जाडीएवढाही नाही. दणका बसला की चीर क्षणभर मिटते आणि वीज पुन्हा वाहू लागते. पडद्यावरचा किरण डावी-उजवीकडे नेणारं सर्किट वेगळं असतं आणि वर-खाली नेणारं वेगळं. मुस्तफाच्या खोक्यात यातलं दुसरं सुटलं होतं. किरण बिचारा एकाच रेघेवर येरझारा घालत होता आणि अख्ख्या चित्राचा उजेड त्या एका रेघेवर ओतत होता.

हे सगळं परत आठवायचं कारण भाच्याचा फोन. तो न्यू जर्सीला असतो. मागच्या हिवाळ्यात म्हणाला, "मामा, एक आर्केड मशीन मिळतंय. १९८२ चं. लाकडी खोकं, आत ओरिजिनल एकोणीस इंची कलर ट्यूब. विकणारा मॉनिटरवर नव्वद दिवसांची वॉरंटी देतोय. पण ट्यूब सोडून."

"ट्यूब सोडून म्हणजे?"

"मागची सर्किटं बिघडली तर तो करून देणार. काच गेली तर आपलं नशीब. घेऊ का?"

मी म्हटलं, दोन दिवस दे. आणि मग त्या दोन दिवसांत मी जे काही वाचत, आठवत आणि कागदावर मांडत बसलो, त्याने माझीच झोप उडाली.

आधी त्या काचेचंच बघा. एकोणीस इंची ट्यूबचं तोंड साधारण ३८ सेंटिमीटर रुंद आणि २९ उंच. आत हवा नाही, निर्वात. बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने दाबते. गुणाकार करा: नुसत्या तोंडावर टनाहून जास्त भार. एक मारुती ८०० उभी केली तरी वजन त्याहून कमीच भरेल. १९८२ पासून ती काच रात्रंदिवस हा भार पेलत उभी आहे, मशीन बंद असतानासुद्धा.

मागे निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉनची बंदूक. तिथे एक इवलीशी नळी लालबुंद तापते, तिच्या टोकावरच्या बेरियम ऑक्साइडच्या लेपातून इलेक्ट्रॉन उकळून बाहेर पडतात आणि समोरचे वीस-पंचवीस हजार व्होल्ट त्यांना खेचून घेतात. पंचवीस हजार व्होल्टला इलेक्ट्रॉनचा वेग होतो सेकंदाला सुमारे ९०,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या तीस टक्के. या वेगाला न्यूटनची सूत्रं पुरत नाहीत, आईनस्टाईनची लागतात. फरक चार-पाच टक्क्यांचाच, पण पडतो. मिरजेच्या शेडमध्ये एका रुपयाच्या नाण्यावर सापेक्षतावाद चालू होता आणि आम्ही त्याला मुस्तफा म्हणत होतो.

हे इलेक्ट्रॉन पडद्यावर पोहोचायच्या आधी एका पातळ पोलादी जाळीला भिडतात. पाचातले चार त्या जाळीवरच आपटून वाया जातात, भोकांतून पार होतो तो उरलेला एक. आणि तोही आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडायला हवा, लालचा लालवर, हिरव्याचा हिरव्यावर. तिथे पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा लुडबुड करतं. मशीनचं तोंड उत्तरेकडून पूर्वेकडे फिरवलं तर कोपऱ्यात जांभळट डाग उमटू शकतो. तो घालवायला पडद्याभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. मशीन चालू करताना 'धुम्म' असा आवाज येतो तो त्याचा.

किरणाचा ठिपका काचेवरून किती वेगाने पळतो, हे मी पूर्वी कधी मोजलं नव्हतं. एक आडवी रेघ काढायला साधारण ५० मायक्रोसेकंद. तेवढ्यात ३८ सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला साडेसात किलोमीटर. पृथ्वीभोवती फिरणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जवळपास याच वेगाने जातं. आणि इथे तो ठिपका सेकंदाला पंधरा हजार सातशेच्या आसपास रेघा काढतो, प्रत्येक रेघ संपली की झटक्यात परत डावीकडे.

या झटक्यातच सगळी गोम आहे. किरणाला परत आणताना कॉइलमधला प्रवाह एकदम कोसळतो आणि त्या कोसळण्यातून विजेचा एक टोकदार उसळा उठतो. शहाण्या माणसांनी तो वाया न घालवता एका ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडला आणि त्यातूनच ट्यूबला लागणारे वीस-पंचवीस हजार व्होल्ट काढले. अमेरिकेत त्याला फ्लायबॅक म्हणतात, आमच्या दुकानात 'ईएचटी'. म्हणजे चित्र आखण्याचं काम आणि चित्राला ताकद पुरवण्याचं काम एकाच दोरीने बांधलेलं. दिसायला सुंदर हिशोब. पण म्हणूनच ईएचटी गेला की सगळंच जातं, आणि जाताना कधीकधी शेजारचा मोठा ट्रान्झिस्टरही घेऊन जातो.

गंमत म्हणजे आर्केडचा सुरुवातीचा मॉनिटर हा मुळात मॉनिटर नव्हताच. १९७२ मध्ये अटारीच्या अॅल अॅलकॉर्न यांनी 'पाँग'चा पहिला नमुना बनवला तेव्हा दुकानातून एक साधा हिताची कंपनीचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणून खोक्यात बसवला. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या बारमध्ये मशीन ठेवलं. थोड्याच दिवसांत तक्रार आली: बंद पडलंय. अॅलकॉर्न गेले, उघडून बघितलं, तर नाण्यांचा डबा काठोकाठ भरून तुंबला होता. आर्केडच्या इतिहासातल्या त्या गाजलेल्या बिघाडात पडदा निर्दोष सुटला. पुढे इतकं नशीब नव्हतं.

कारण घरातला टीव्ही संध्याकाळी चार तास चालायचा. पार्लरमधलं मशीन सकाळी शटर उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत, बारा-बारा तास, बंद लाकडी पेटीत, मागे धूळ, वर सिगारेटचा धूर. आणि त्या पेटीत सगळ्यात आधी कोण मरतं, तर सगळ्यात स्वस्त भाग: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. अॅल्युमिनियमची छोटी डबी, आत ओलसर कागद. उष्णतेने ओल उडून जाते, कपॅसिटर सुकतो, चित्र कडेला लाटेसारखं हलू लागतं.

त्या डबीवर तिचं आयुष्य छापलेलं असतं, असं म्हटलं तरी चालेल. त्या काळच्या साध्या कपॅसिटरची ठरावीक हमी म्हणजे ८५ अंश सेल्सिअसला २,००० तास. वाचून दचकायला होतं, रोज बारा तास धरले तर दोन हजार तास म्हणजे सहा महिनेही नाहीत. पण तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. ४५ अंशांवर चालवलं तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज बारा तास धरले तर सव्वासात वर्षं. आता मागची जाळी धुळीने बंद झाली आणि आतलं तापमान ५५ झालं, तर १६,००० तास. साडेतीन वर्षं आणि वर थोडं. एक झाडू न फिरवल्याने निम्मं आयुष्य गेलं.

आता हाच हिशोब भाच्याच्या मशीनला लावून बघा. घरात आठवड्याला तीन तास खेळणार. ३२,००० भागिले १५६, उत्तर येतं दोनशे वर्षं. इथे हिशोब तोंडावर पडतो, कारण कपॅसिटर नुसता बसूनही सुकतो. बुडाच्या रबरी बुचातून ओल हळूहळू निसटतेच. १९८२ चे कपॅसिटर अजून जागेवर असतील तर त्यांची मुदत केव्हाच टळली आहे, मशीन चाललेलं असो वा गोठ्यात पडलेलं. विकणाऱ्याने ते सगळे बदललेत का, हा भाच्याला विचारायला सांगितलेला माझा पहिला प्रश्न. अमेरिकेत त्यासाठी प्रत्येक मॉडेलची तयार पुडी मिळते, तिला 'कॅप किट' म्हणतात. काही डॉलर आणि एक संध्याकाळ, एवढंच काम.

पण ही आकडेमोड करताना मला वॉरंटीतली एक गोष्ट दिसली आणि मी पेन खाली ठेवलं. नव्वद दिवस. पार्लरमध्ये नव्वद दिवस म्हणजे १,०८० तास. भाच्याच्या तळघरात नव्वद दिवस म्हणजे जेमतेम ३९ तास. कागद तोच, शिक्का तोच. वॉरंटी कॅलेंडर मोजते. मॉनिटर तास मोजतो, उष्णता मोजतो आणि किती वेळा तापून गार झालो ते मोजतो. ही दोन घड्याळं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. म्हणून दुरुस्त केलेला जुना मॉनिटर घेणाऱ्याने पहिल्या पंधरवड्यात जपून वापरणं हा शुद्ध वेडेपणा. उलट त्याला राबवायचं. शनिवारी सकाळी चालू करून रात्री बंद करायचा, रविवारी परत. कच्चा टाका, चुकीचा बसवलेला भाग, नव्यातला नासका कपॅसिटर, ही मंडळी पहिल्या काही डझन तासांतच तोंड दाखवतात. तेवढे तास वॉरंटीच्या आत भरून घ्यायचे.

आता ट्यूब. हिच्यावर कुणी हमी का देत नाही?

ट्यूब हळू मरते. बंदुकीच्या टोकावरचा लेप थकतो, इलेक्ट्रॉन कमी पडू लागतात, चित्र फिकं होतं. "ट्यूब वीक झाली," काका म्हणायचे आणि हीटरला थोडे जास्त व्होल्ट देऊन तिला बूस्ट करायचे. म्हातारीला इंजेक्शन दिल्यासारखं. कधी वर्ष काढायची, कधी आठवडा. दुसरा मृत्यू मानेचा. वाहतुकीत धक्का बसला, मागची बारीक काच चिरली, हवा आत. मानेजवळ काचेच्या आतून एक चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो बेरियमचा, उरलीसुरली हवा गिळायला ठेवलेला. हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. हे बघायला मशीन चालू करावं लागत नाही, बॅटरीचा उजेड पुरतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे जळालेला फॉस्फर. एकच चित्र हजारो तास त्याच जागी पडत राहिलं की तिथला लेप करपतो. १९८० च्या पॅक-मॅनच्या किती तरी ट्यूबवर मशीन बंद असतानाही ती निळी भुलभुलैया पुसट दिसते. आत गेम दुसरा घाला, भुतासारखी ती मागे उभीच.

यातलं काहीही दुरुस्त होत नाही. नवी ट्यूब आणून बसवावी म्हटलं तर कुणी बनवतच नाही. इथे आपल्या मराठवाड्याचा संबंध येतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकी आरसीएचा टीव्हीचा धंदा १९८०च्या दशकात फ्रान्सच्या थॉमसनकडे गेला, आणि २००५ मध्ये थॉमसनचा जगभरचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला कुणी, तर औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉनने. पोलंड, इटली, चीन, मेक्सिको इथले कारखाने. जग सपाट पडद्यांकडे पळत असताना. व्यवहार म्हणून तो फसला, हे आता कुणीही सांगेल. २०१८ पासून ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली. पण ट्यूबच्या अखेरच्या दिवसांत जगात ज्या मोजक्या भट्ट्या धगधगत होत्या, त्यांत भारतातल्या होत्या. पैठण रस्त्यावरून जाताना व्हिडिओकॉनची पाटी बघितलेल्या माणसाला हे आठवून गंमतही वाटते आणि पोटात कालवतंही.

तर मांडणी अशी झाली: सर्किटं दुरुस्त होतात, त्यांची वॉरंटी मिळते. ट्यूब दुरुस्त होत नाही, तिची मिळत नाही. हमी जिथे लागते तिथेच ती संपते. पहिल्यांदा मला हा विकणाऱ्याचा कावा वाटला. मग वाटलं, नाही, हा प्रामाणिकपणा आहे. जे त्याच्या हातात आहे त्याचं वचन तो देतोय.

जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तिकडे बिघडक्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. (आपण नव्या गाडीला लिंबू बांधतो, ते गाडीलाच लिंबू म्हणतात. असो.) त्याचं म्हणणं असं: विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी संशयाने बघतो आणि भाव पाडून मागतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, निघून जातो. मागे उरतात लिंबं. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला, आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी अॅकरलॉफना नोबेल मिळालं. या कोंडीतून सुटायचे जे मार्ग त्यांनी सांगितले त्यांत एक म्हणजे वॉरंटी. खोड ठाऊक असलेला माणूस नव्वद दिवसांचं वचन द्यायला कचरतो. द्यायला तयार असेल तर ते वचन ही एक खूण. दुरुस्ती मिळो न मिळो, त्या माणसाने स्वतः पट्टी उलटी करून भिंगातून बघितलंय, एवढं त्यातून कळतं.

कायदा यात किती आधार देतो? अमेरिकेत व्यापाऱ्याने विकलेली वस्तू नेहमीच्या वापराला लायक असावी, ही न लिहिलेली हमी कायदाच गृहीत धरतो. पण 'आहे तशी' असं स्पष्ट सांगून विकली तर ती हमी बहुतेक ठिकाणी गळून पडते, आणि छंद म्हणून एखादं मशीन विकणारा माणूस तर व्यापारी ठरतच नाही. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा म्हणतो की लेखी वॉरंटी एकदा दिली की ही न लिहिलेली हमी सरसकट नाकारता येत नाही, फार तर तिची मुदत लेखी वॉरंटीएवढी करता येते. म्हणजे तोंडी 'बघू आपण' आणि कागदावरचे नव्वद दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक. 'स्टिकर काढलं तर वॉरंटी रद्द' या धमकीबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीदही दिली. आपल्याकडे १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ आहे. त्याचा सूर 'घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत' असाच, पण अपवाद महत्त्वाचे. घेणारा काय कामासाठी घेतोय हे सांगून विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबला, तर जबाबदारी विकणाऱ्याकडे सरकते. म्हणून काय हवंय ते लिहून विचारावं, हे मी भाच्याला बजावलं.

तो म्हणाला, "मग ट्यूबचा नादच सोडतो ना. नवा एलसीडी बसवतो. बिल, वॉरंटी, सगळं रीतसर."

सोय म्हणून वाईट नाही, आणि पार्लर चालवायचं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण तिथेही बारीक अक्षरं आहेतच. पडद्यातले काही ठिपके मेलेले असले तरी तो पडदा 'निर्दोष' मानायची सोय आंतरराष्ट्रीय मानकातच आहे. दुसऱ्या वर्गाच्या पडद्यात दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायमचे पेटलेले, दोन कायमचे काळे आणि पाच अर्धवट बिघडलेले चालतात. घरगुती टीव्ही खोक्यात बसवायचा म्हणून त्याचं आवरण उघडलं, की भांडण सुरू. शिवाय घरगुती टीव्हींच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर बहुधा वगळलेलाच असतो. आणि जुन्या बोर्डाची पंधरा किलोहर्ट्झची भाषा नव्या पडद्याला कळत नाही, मध्ये दुभाषी सर्किट लागतं. त्याची वॉरंटी तिसऱ्याच माणसाची. बिघडलं तर तिघं एकमेकांकडे बोट दाखवणार.

मग सगळ्या ट्यूब सारख्या का? नाही. भाच्याचं मशीन ओळीने आडव्या रेघा काढणारं होतं, हे सुदैव. १९७९ च्या 'अॅस्टेरॉइड्स' आणि १९८१ च्या 'टेम्पेस्ट'चे मॉनिटर वेगळ्याच जातीचे. त्यांत किरण ओळीने शेत नांगरत नाही, पेन्सिलीसारखा थेट आकृती काढतो. काळ्या अंधारात तशी धारदार रेघ दुसऱ्या कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. मी एकदाच बघितली आणि हात कंट्रोलवरच विसरलो. पण किरणाला असं हवं तिथे फेकायला जाडजूड ट्रान्झिस्टर लागतात आणि ते तव्यासारखे तापतात. टेम्पेस्टमधल्या वेल्स-गार्डनर ६१०० चं नाव जुने संग्राहक कानाला हात लावून घेतात. त्यात एक गोड व्यवस्थाही आहे: गेमचा बोर्ड अडकला आणि किरण एकाच बिंदूवर थांबला तर तो काचेवरच्या लेपाला भोक पाडेल, म्हणून एक सर्किट उजेडच तोडतं आणि एक लाल दिवा लागतो. लाल दिवा म्हणजे 'मी मेलो नाही, काच वाचवतोय.' तसलं मशीन नव्वद दिवसांवर विसंबून घेऊ नये. घ्यायचंच तर आधी तव्यावर हात ठेवायला शिकावं.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल. विकणाऱ्याचं गॅरेज, बाहेर बर्फ. भाच्याबरोबर त्याची आठ वर्षांची लेकही होती. मशीन तासाभरापूर्वीच चालू करून ठेवायला विकणाऱ्याला सांगितलं होतं, म्हणजे गरम झाल्यावरचं रूप दिसेल. बंद करून घेतलं, बॅटरी मारली: काचेवर भुलभुलैया नाही. मागून फळी काढली. "आत हात घालायचा नाही, लाल वायरीच्या रबरी टोपीला तर नाहीच, बंद असली तरी ती काच वीज धरून बसते." मानेजवळचा डाग चांदीसारखा. कपॅसिटर नवे दिसत होते, सगळे एकाच रंगाचे. परत चालू केलं. धुम्म. दहा-बारा सेकंदांत चित्र, पांढरा पांढराच.

"मामा, चांगलं आहे ना?"

मला एक गोष्ट ऐकायची होती. सेकंदाला पंधरा हजार सातशे रेघांचा जो झटका, त्याने ईएचटी थरथरतो आणि एक अतिबारीक शिट्टी वाजते. लहानपणी शेजारच्या घरात टीव्ही लागलाय हे मला भिंतीपलीकडून कळायचं. आता या वयात ती ऐकू येत नाही, आणि फोन असले सूर वाटेतच गाळतो. भाचाही चाळिशीला आलाय. मी पोरीला विचारलं.

"हो आजोबा, शिट्टी वाजतेय. किती वेळची! बाबाला सांगितलं तर तो म्हणाला, काही नाही वाजत."

"एकसारखी वाजतेय?"

ती थोडी थांबली. "बाबा टेकला ना इथे, की तुटते."

"कुठे टेकला?"

फोन हलला. भाचा खोक्याच्या डाव्या अंगाला रेलून उभा होता. दचकून बाजूला झाला. पडद्यावर चित्र क्षणभर लवलं, पापणी लवावी तसं, आणि परत स्थिर झालं. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे बिघडलेलं आहे?"

"ड्राय सोल्डर आहे," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की आवाज चढला असणार. "काच ठणठणीत आहे आणि टाका सुटलाय. नव्वद दिवसांत बसणाराच आजार आहे हा. त्याला आत्ताच दाखव, कागदावर लिहून घे आणि टाका मारून झाला की परत रेलून बघ. पोरीला बरोबर ने. आणि मशीन आडवं घालून आणू नका, उभंच आणा."